चहाला हो म्हणायला आधी पास व्हावं लागत नाही

पत्र कोथरूडहून आलंय. नाव नाही, खाली सही केलीये 'टेकडीवाली'. बरंच मोठं होतं, मी थोडं छाटून देतेय पण शब्द तिचेच आहेत.

'मावशी, मी ३६ वर्षांची. घटस्फोट होऊन ४ वर्षं झाली. मारहाण वगैरे काही नव्हतं, पण अबोला असायचा, आठवडा आठवडा, आणि मग कशासाठी ते न कळताच मी सॉरी म्हणायचे. आता आई आणि मी राहतो, नोकरी हिंजवडीला, बरं चाललंय. वेगळी झाल्यावर सगळ्यांनी एकच सांगितलं, आधी स्वतःवर प्रेम करायला शिक, मग दुसऱ्याचा विचार कर. मी ते मनावर घेतलं. मोबाईलमध्ये 'स्वतःसाठी' नावाचा फोल्डर आहे, त्यात चारशेच्या वर सुविचार आहेत. एक वीकेंड वर्कशॉप पण केलं, तिथे सांगितलेलं की रोज सकाळी आरशात बघून मी परिपूर्ण आहे, मी प्रेमाला पात्र आहे असं म्हणायचं. म्हणते, पण म्हटल्यावर उलट रडूच येतं. सकाळी एआरएआयच्या टेकडीवर जाते, तिथे एकाशी ओळख झाली. तो ४१ चा आहे, बायको आजारपणात गेली, ११ वर्षांची मुलगी आहे. एकदा माझ्या बुटाचं सोल निघालं तर त्याने रुमालाने बांधून दिलं आणि खाली येईपर्यंत सोबत चालला. त्या दिवशी मी खूप हसले आणि घरी आल्यावर अपराधी वाटलं. त्याने चहाला विचारलं. मी म्हटलं मी अजून स्वतःवर काम करतेय, तयार झाले की सांगीन. तो म्हणाला बरं. याला आता ८ महिने होतील. रोज भेटतो, बोलतो, पण परत विचारत नाही. मावशी, मी तयार झाले हे मला कसं कळणार? आणि हा फोल्डर ठेवू की डिलीट करू? आईचं म्हणणं एकच, काय ते एकदाचं ठरव.'

अगं टेकडीवाली,

आधी उत्तर देऊन टाकते, कारण पत्र वाचल्यापासून ते जिभेवर आहे. तू तयार झालीस हे तुला कधीच कळणार नाहीये. कोणालाच कळत नाही. सकाळी उठलो आणि चला, आज स्वतःवरचं प्रेम करून झालं, आता दुसऱ्याकडे बघायला हरकत नाही, असं ज्याला वाटलंय तो माणूस मला अजून भेटायचाय, आणि या सदरामुळे मला माणसं काही कमी भेटत नाहीत.

'आधी स्वतःवर प्रेम कर' असं तुला ज्यांनी सांगितलं ते तुझ्या भल्याचंच बघत होते. पोरगी नुकतीच एका नात्यातून बाहेर पडलीये, घाईघाईत दुसरीकडे जाऊन अडकायला नको, एवढाच त्याचा अर्थ होता. पहिल्या वर्षी ते ठीकच होतं. पण आता ४ वर्षं झाली आणि त्या सल्ल्याची तू परीक्षा करून टाकलीयेस. पेपर काढणारी तू, तपासणारी तू, नापास करणारी पण तूच, आणि रोज रात्री एक नवीन सुविचार सेव्ह केला की सिलॅबस आणखी वाढतो. 'जो स्वतःच्या सहवासात रमतो तोच खरा' असं काहीतरी वाचलंस की लगेच मनात येतं, अरे हे तर मला जमत नाही, म्हणजे अजून बाकी आहे. चारशे सुविचार म्हणजे चारशे ठिकाणी स्वतःला कमी लेखायची सोय झाली की नाही?

आता तो आरसा. तो कार्यक्रम उद्यापासून बंद कर. रडू येतं यात तुझं काहीही बिघडलेलं नाहीये, आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून बोलत नाहीये. कॅनडातल्या वॉटर्लू युनिव्हर्सिटीच्या जोअॅन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासून बघितलं होतं, २००९ साली ते प्रसिद्ध झालं. लोकांना बसवलं, घंटा वाजली की मनात म्हणायचं, मी प्रेम करण्यासारखी व्यक्ती आहे. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीपासूनच चांगलं होतं त्यांना त्याने थोडं बरं वाटलं. आणि ज्यांचं मत वाईट होतं, म्हणजे ज्यांच्यासाठी हे असले उपाय सांगितले जातात, त्यांना म्हटल्यावर आणखी वाईट वाटलं, काहीच न म्हणणाऱ्यांपेक्षा वाईट. कारण साधं आहे गं. आपल्याला स्वतःला जे पटत नाही ते मोठ्याने म्हटलं की आतलं मन लगेच वकील होऊन उभं राहतं, परिपूर्ण आहेस का, मग तो आठवडाभर बोलायचा नाही ते कशामुळे, मग तुझं टिकलं का नाही. तुझा दिवसच या भांडणाने सुरू होतो आणि त्यात रोज तूच हरतेस. तेव्हा आरशासमोर उभी राहा, दात घास, टिकली लाव, केस विंचर आणि नीघ.

म्हणजे मग आरशात काय म्हणायचं असं विचारशील तर काहीच म्हणू नकोस. अल्बर्ट एलिस नावाचा एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होऊन गेला, २००७ मध्ये गेला, आपल्याकडे त्याच्या पद्धतीला विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात आणि महाराष्ट्रात ती शिकलेले बरेच समुपदेशक आहेत. तो बोलायला भलताच फटकळ होता म्हणे, पण त्याचं एक म्हणणं मला फार पटतं. तो म्हणायचा की माणसाने आपल्या वागण्याला बरंवाईट म्हणावं, अख्ख्या स्वतःला मार्क देऊ नयेत, कमी पण नाही आणि जास्त पण नाही. काल मी आईवर उगाच खेकसले, ते चुकलं, संपलं. त्यावरून मी वाईट मुलगी आहे असा निकाल लावायचा नाही, तसं आजचं प्रेझेंटेशन मस्त झालं म्हणून मी ग्रेट असंही नाही. 'मी परिपूर्ण आहे' हे वाक्य म्हणजे पण मार्कच आहेत, शंभरपैकी शंभर, आणि शंभर मिळालेल्याला उद्या नव्याण्णव पडायची धास्ती असतेच.

एक गोष्ट मध्येच सांगून घेते. रोज सकाळी रडू येतं असं तू अगदी सहज लिहिलंयस. ते फक्त आरशापुरतं असेल तर आरसा सोडला की जाईल. पण झोप लागत नसेल, जेवणावरची वासना गेली असेल, ऑफिसात बसल्या बसल्या डोळे भरून येत असतील, तर वीकेंड वर्कशॉपवाल्यांकडे पुन्हा जाऊ नकोस, रीतसर शिकलेल्या समुपदेशकाकडे नाहीतर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. कुणाकडे जायचं सुचत नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, पैसे पडत नाहीत, रात्री-बेरात्री चालते आणि मराठीत बोलता येतं.

आता फोल्डर. मी काही सुविचारांची वैरीण नाही, माझ्या फ्रिजवर पण एक चिकटवलेला आहे, कुठल्यातरी सराफाच्या कॅलेंडरचा तुकडा. पण मला सांग, तुझ्या त्या चारशेत 'मन करा रे प्रसन्न, सर्व सिद्धीचे कारण' आहे की नाही? असणारच. बँकेत बघ, शाळेच्या जिन्यात बघ, दवाखान्याच्या वेटिंगमध्ये बघ, सगळीकडे ते लिहिलेलं असतं, मागे सूर्योदय नाहीतर कमळ. वाचणाऱ्याला वाटतं हे लिहिणारा माणूस किती शांत, किती सुखात असेल. आणि आपण बघा, मन प्रसन्न करा म्हटल्यावर साधं तेवढं पण जमत नाही.

ज्यांनी ते म्हटलं त्यांचं गाव इथून तासाभरावर आहे. तुकाराम महाराजांचं घर वाण्याचं, बरी परिस्थिती, सावकारी पण होती. १६३० च्या आसपास तो भयंकर दुष्काळ पडला तेव्हा ते विशीत होते. पैसा गेला, मान गेला, धंद्यात तूट आली, आणि एक बायको 'अन्न अन्न' करत मेली. हे दुसऱ्या कुणी त्यांच्याबद्दल लिहिलेलं नाहीये, त्यांनी स्वतःच एका अभंगात सांगून ठेवलंय. जिवाला लाज वाटली, या दुःखाने त्रासलो, असंही त्यातच आहे. लाज वाटली म्हणतात बघ ते. आता 'मन करा रे प्रसन्न' परत वाच. माझं तर म्हणणं आहे की पोस्टर छापायचंच असेल तर या दोन्ही ओळी शेजारी शेजारी छापा, म्हणजे लोकांना कळेल की हे म्हणणारा माणूस कुठून कुठे आला होता. आपल्यापर्यंत पोचते ती फक्त शेवटची ओळ, मधला सगळा रस्ता गाळलेला, आणि मग आपण आपल्या रस्त्यावरच्या खड्ड्यांची लाज बाळगत बसतो.

आणखी एक. ते शब्द एकट्याने वाचायसाठी केलेलेच नव्हते. पुढे एकजण म्हणणार, मागचे टाळकरी तीच ओळ उचलून धरणार, एखाद्याचा आवाज बसला तर शेजारचा ओढून नेणार. आषाढीच्या आधी पालखी पुण्यात मुक्कामाला येते तेव्हा एखाद्या दिंडीबरोबर अर्धा तास चालून बघ, एकही माणूस स्वतःवर काम करत चाललेला दिसणार नाही, पायाला फोड आलेत, कुणीतरी कुणाला तेल चोळून देतंय, कुणीतरी पुढे जाऊन पाण्याच्या टँकरला नंबर लावलाय आणि तोंडाने अभंग चालूच. तू काय करतेस? लिहिलं नाहीयेस पण मला दिसतंय, आई झोपल्यावर, अंथरुणात, ब्राइटनेस कमी करून, एकटीच. अगं त्या शब्दांना तसं एकटं वाचलं तर ते निम्मेच राहतात.

मला तुला मुख्य सांगायचंय ते हेच. आधी एकटीने बंद खोलीत स्वतःला नीट करून घ्यायचं आणि मग बाहेर येऊन माणसांना भेटायचं, असं माणसाचं होत नाही. आपण कोण, आपल्याला काय चालतं, काय अजिबात चालत नाही, हे सगळं दुसऱ्या माणसासमोर उभं राहिल्यावरच कळतं.

आपल्याच गावातलं उदाहरण घे. सावित्रीबाईंचं लग्न झालं १८४० साली, तेव्हा त्या ९ वर्षांच्या. (बालविवाहाचं कौतुक चाललेलं नाहीये, कृपा करून त्यावर पत्रं पाठवू नका.) लिहाय-वाचायला लग्नानंतर शिकल्या, जोतिरावांकडून, आणि १८४८ मध्ये बुधवारातल्या भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली तिथे शिकवायला लागल्या. दगडूशेठला जाशील तेव्हा समोर बघ, वाडा आता नाहीये, २०२३ च्या डिसेंबरात पाडला, तिथे स्मारक व्हायचंय. तर त्यांनी जोतिरावांना लिहिलेली पत्रं आहेत, मोजकीच, पण आहेत. १८५६ चं एक पत्र नायगावचं, माहेरून लिहिलेलं. आजारी होत्या, भाऊ सेवा करत होता, आणि तोच भाऊ म्हणाला की तू आणि तुझा नवरा महारामांगांसाठी जे करताय त्याने तुम्ही वाळीत पडलात, आता तरी जातीला धरून वागा. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती जाऊ दे, याच्याच घरात पडून आहे, याचंच खातेय, कशाला वाद. सावित्रीबाई आजारपणात त्याच्याशी वाद घालतात, त्याला समजावतात आणि हे सगळं नवऱ्याला लिहून कळवतात. दुसरं पत्र १८६८ चं. गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण आणि सारजा नावाची महार समाजातली मुलगी, दोघांचं प्रेम जमलं, तिला दिवस गेले, आणि लोक दोघांच्या जिवावर उठले. सावित्रीबाई मध्ये पडल्या, त्यांना वाचवलं आणि सरळ पुण्याला जोतिरावांकडे धाडून दिलं. पत्रात हेच सगळं लिहिलंय.

'तुमच्याशिवाय करमत नाही' असलं त्यात काही नाही. पण मला विचारशील तर याच्याहून मोठी प्रेमपत्रं मला माहीत नाहीत. मी आज अशी वागले, असं एक माणूस दुसऱ्याला सांगतंय आणि त्याला ते कळणार याची पूर्ण खात्री आहे, आणखी काय असतं प्रेम? आणि आता तुझ्या प्रश्नाच्या बाजूने बघ. ही बाई आधी एकटीने घडली आणि मग नात्यात आली असं काही झालेलं नाही. बरं, नवऱ्याने घडवली म्हणावं तर तेवढ्यानेही भागत नाही, कारण भावाला उत्तर दिलं तेव्हा जोतिराव तिथे नव्हते, ते तिचं तिने दिलं. स्वतःचं असणं आणि दुसऱ्याचं असणं, दोन्ही बरोबरीनेच वाढलं, कुठलं आधी आणि कुठलं नंतर हे वेगळं काढताच येत नाही.

आता त्या बुटाकडे येऊ. पत्रात तू वर्कशॉपला अर्धं पान दिलंयस (मी छाटलं) आणि बुटाची गोष्ट एका ओळीत उरकलीस. मला उलट तीच सविस्तर हवी होती. रुमालाने सोल बांधायचं म्हणजे गाठ कुठे मारली त्याने, वर की बाजूला? दर दहा पावलांवर सुटत असणार ते, मग तो परत वाकून बांधत असणार, शेजारून जाणारे मॉर्निंग वॉकवाले काका बघत असणार, एखाद्याने फुकटचा सल्ला पण दिला असणार, पुणं आहे. आणि तू हसलीस, खूप हसलीस असं लिहिलंयस. त्या पाऊण तासात तू स्वतःवर प्रेम करायला शिकत होतीस का? तुझ्या डोक्यातसुद्धा नसेल ते. सोल लोंबतंय, पाय ओढत चाललीयेस, अवतार झालाय, आणि तरी एक माणूस सोबत चालतोय आणि तुला त्याची लाज वाटत नाहीये. ज्यासाठी तू ४ वर्षं आरशासमोर उभी राहिलीस ते त्या उतारावर आपोआप झालं होतं.

मग घरी आल्यावर अपराधी वाटलं. यावर जरा थांबू या. कुणाचा अपराध? नवऱ्याचा नाही, तो विषय संपला. आईचा? त्याच्या गेलेल्या बायकोचा? का असं वाटलं की सिलॅबस पुरा व्हायच्या आधीच मजा केली? मला शेवटचं कारण वाटतं पण मी चुकत असेन, तूच बघ. ज्या घरात अबोला असतो ना तिथे हसायची पण धास्ती बसते, कारण कुठल्या हसण्यावरून पुढचा आठवडा गप्प जाईल याचा नेम नसतो. ते अंगात मुरतं. माणूस बदलला तरी कान तसेच टवकारलेले राहतात.

म्हणून आणखी एक विचारते. ८ महिने तो परत विचारत नाही, हे तुला कुठेतरी अबोल्यासारखं वाटतंय का? तू तसं म्हटलेलं नाहीयेस पण वाक्यात ते आहे, 'बोलतो, पण परत विचारत नाही', आणि तो 'पण' मला खटकला. अगं अबोला म्हणजे शिक्षा असते, त्यात समोरच्याला चुकल्यासारखं वाटायला लावायचं असतं. हा माणूस रोज भेटतो, बोलतो, आणि एका विषयावर गप्प आहे कारण तूच त्याला सांगितलंस की मी सांगीन. त्याने तुझा शब्द धरून ठेवलाय. दोन्हीकडे शांतताच आहे, पण दोन्ही एक नाहीत, आणि तुझ्यासारख्या बाईला हा फरक ओळखता आला तर मी म्हणेन निम्मं काम झालं.

मात्र थांबला म्हणजे चांगलाच असला पाहिजे असं मी म्हणत नाहीये. चिवटपणे थांबणारे आणि नंतर त्याचा हिशोब मागणारे पुरुष पण मी पत्रांमधून बघितलेत, मी तुझ्यासाठी इतकं थांबलो, आता तू एवढं पण नाही करणार का, या सुरातले. तो त्यातला आहे का हे टेकडीवरून कळणार नाही, टेकडीवर सगळेच चांगले असतात, सकाळची हवा असते, मोर ओरडत असतात. ते कळेल तू त्याला कशाला तरी नाही म्हणशील तेव्हा. ठरलेली भेट ऐनवेळी रद्द कर, नाटक म्हणून नाही, खरंच कंटाळा आला असेल तेव्हा, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं वागणं बघ. त्याच्या एखाद्या मताला सरळ मला नाही पटत म्हण. तू गप्प असशील त्या दिवशी तो काय करतो ते बघ. आणि स्वतःकडे पण लक्ष ठेव, कशासाठी ते न कळता सॉरी म्हणावंसं वाटलं की जीभ आवर आणि विचार, नक्की काय झालंय? हा प्रश्न लग्नात विचारायची सोय नव्हती, आता आहे.

शिवाय त्याच्या बाजूचं पण जरा बघू. 'तयार झाले की सांगीन' म्हणून तू त्याला ८ महिने ताटकळत ठेवलंयस. तू दुष्टपणाने केलेलं नाहीस, पण त्याला ना हो मिळालंय ना नाही. तुला तो नको असेल तर तसं सांगून टाक, त्यात काही वाईट नाही, त्यासाठी कुठलाही सुविचार पुढे करायची गरज नाही. आणि हवा असेल, मला पत्रावरून तसंच वाटतंय, तर खरं काय ते सांग. 'मला भीती वाटते. मागच्या वेळी माझ्याशी आठवडाभर कुणी बोलायचं नाही, त्यामुळे कुणी गप्प झालं की मला धस्स होतं. मला सावकाश जायचंय.' एवढं पुरे. मी स्वतःवर काम करतेय याच्यापेक्षा हे कितीतरी खरं आहे, आणि हे सांगता येणं हेच त्या तुझ्या तयारीतलं सगळ्यात अवघड काम आहे असं माझं मत.

त्याच्या मुलीला मात्र एवढ्यात यात आणू नका. तिची आई गेलीये. ११ वर्षांच्या मुलीला बाबाच्या मैत्रिणीचा लळा लागला आणि ४ महिन्यांनी तुमचं फिसकटलं तर ती दुसऱ्यांदा कुणाला तरी गमावेल, आणि या वेळी तिला कुणी धड समजावून पण सांगणार नाही. टेकडीवर सहज भेट झाली तर हाय हॅलो, गप्पा मार, गाभुळलेली चिंच दे, पण नातं जोडायची घाई तुम्ही दोघांनीही करू नका. हे त्याला पण स्पष्ट सांग, त्याला आवडेल बघ. आणि त्याच्या घरात पहिल्या बायकोचा फोटो असणार, तिचा विषय निघणार, तिच्या हातच्या आमटीचं कौतुक निघणार. तेव्हा तुला कसंतरी होईल. होऊ दे. ती तुलना नसते बहुतेक वेळा, आठवण असते.

आईला काय सांगायचं? 'ठरवतेय' असं सांग. आई काही चुकीचं म्हणत नाहीये, फक्त तिच्या 'एकदाचं'मध्ये लग्नाची तारीख आहे आणि तुझ्यासमोर सध्या फक्त एक चहा आहे. चहा लग्नाइतका मोठा झाला की कुणालाही घाम फुटेल. तू पण आईसारखाच विचार करतेयस खरं तर, दोघी एकाच घरात राहताय ना.

फोल्डर डिलीट करू नकोस, चारशे गोष्टी तुला कधीतरी बऱ्या वाटल्या होत्या, त्यांच्यावर कशाला राग. फक्त नवीन भरायचं थांबव. आणि असलेल्यातला एखादा खरंच आवडला तर तो सेव्ह करून ठेवण्याऐवजी कुणाला तरी वाचून दाखव, आईला, ऑफिसातल्या मैत्रिणीला, कॅबमध्ये शेजारी बसणाऱ्या कुणाला. त्या म्हणतील काय बोअर आहे, किंवा म्हणतील अगं माझ्या सासूचं नेमकं असंच झालं होतं, आणि मग सासूची गोष्ट निघेल. ती गोष्ट त्या सुविचारापेक्षा नक्की चांगली असेल, लिहून घे.

आणि चहाचं म्हणशील तर पहिला चहा कॅफेत नको, तिथे समोरासमोर दोन तास बसावं लागतं आणि मेनूकार्डच्या आड किती वेळ लपणार. अमृततुल्यला जा. उभ्या उभ्या घ्यायचा, दहा मिनिटात संपतो, अवघडल्यासारखं झालं तर ऑफिसला उशीर होतोय म्हणून निघता येतं आणि बरं वाटलं तर दुसरा सांगता येतो. पैसे तू दे, कारण बोलावणारी तू आहेस. त्याने ८ महिन्यांपूर्वी विचारलं होतं, आता तुझी पाळी. येत्या रविवारी मुलगी सोबत असेल, म्हणून सोमवारी विचार.

तुझी,
मावशी